काळी दोन, पांढरी सहा, काळी पाच

आमच्या श्रवणमंडळात दर महिन्याला एकाने एक गाणं घ्यायचं आणि ते उलगडून दाखवायचं. नियम एकच, गाणं नाटकातलं हवं. त्यामुळे बहुतेक जण नाट्यपद घेतात, मूळ बंदीश शोधतात, दोन-तीन ध्वनिमुद्रणं लावतात आणि अर्धा वेळ आठवणी काढण्यात जातो. माझी पाळी आली तेव्हा मी 'वेस्ट साइड स्टोरी'तलं 'मारिया' घेते म्हणून सांगून बसले. नाटकातलंच तर आहे, नाटक तेवढं न्यूयॉर्कचं! कुणीतरी हरकत घेतली असती तर बरं झालं असतं, कारण पाच रेघांवरची ती पाश्चात्त्य स्वरलिपी मला तेव्हा धड वाचता येत नव्हती. मला येते ती पेटी, आणि वहीत भातखंडे पद्धतीने स्वर उतरवणं.

नाटकाची माहिती गोळा करायला एक संध्याकाळ पुरली. २६ सप्टेंबर १९५७ रोजी ब्रॉडवेवरच्या विंटर गार्डन थिएटरमध्ये पहिला प्रयोग. संगीत लेनर्ड बर्नस्टाइन, गीतं स्टीफन सॉन्डहाइम, संहिता आर्थर लॉरेन्ट्स, दिग्दर्शन आणि नृत्यरचना जेरोम रॉबिन्स. कथा रोमिओ-ज्युलिएटची, पण घराण्यांच्या जागी मॅनहॅटनच्या रस्त्यांवरच्या दोन टोळ्या: जेट्स आणि पोर्तो रिकोहून आलेल्या मुलांची शार्क्स. जेट्सचा टोनी एका नाचाच्या कार्यक्रमात शार्क्सच्या म्होरक्याच्या बहिणीला भेटतो, मग तिचं नाव त्याला कळतं आणि तो एकटाच रस्त्यावर ते नाव गात सुटतो. गाण्याचा सगळा ऐवज एवढाच. सॉन्डहाइम तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता, आणि या गाण्यात त्याने फारसे शब्द खर्चलेलेच नाहीत. एक नाव, पुन्हा पुन्हा. मला वाटलं, सोपं काम आहे.

पहिला दिवस सा शोधण्यात गेला.

गाण्याची सुरुवात बोलल्यासारखी आहे. लय सैल, आवाज दबका. जगातला सगळ्यात सुंदर आवाज आत्ता ऐकला असं तो स्वतःशीच पुटपुटतो. मी त्या भागाचा सा धरला, पेटीवर पक्का केला आणि त्याच 'सा'वरून पुढचं सगळं लिहीत गेले. दोन पानं भरली. कोमल आणि तीव्र स्वरांची अशी खिचडी झाली होती की वहीकडे बघून मलाच लाज वाटली. कान सांगत होता की चाल स्वच्छ आहे, आणि वही सांगत होती की इथे काही धड नाही. तिसऱ्या दिवशी उजाडलं: सा हलला होता. पुटपुटण्यातून मुख्य गाणं सुरू होतं तिथे आधारस्वरच बदलतो.

आपल्याकडे तानपुरा लागला की घर ठरलं. मूर्च्छनेची गंमत म्हणून एखादा गवई क्षणभर दुसऱ्या स्वराला सा मानून दाखवतो, पण मागे तानपुरा चालूच असतो, परत कुठे यायचं ते सगळ्यांना ठाऊक असतं. इथे बोलता बोलता घरच उचलून दुसरीकडे ठेवलं होतं. आणि ते बरोबरच होतं. नाव उच्चारायच्या आधीचा टोनी आणि नंतरचा टोनी एका घरात राहत नाहीत. पण हे मला नंतर सुचलं. त्या दिवशी मी फक्त दोन पानं फाडली आणि नवा सा लिहिला: काळी दोन, म्हणजे पेटीवरची दुसरी काळी पट्टी.

मग ते तीन स्वर. 'मा-री-या'. काळी दोन, पांढरी सहा, काळी पाच. म्हणजे सा, तीव्र (अर्धा स्वर चढवलेला) मध्यम, पंचम.

तीव्र मध्यम दिसला की आमच्यासारख्यांच्या तोंडून 'यमन' हे रागाचं नाव बाहेर पडायला वेळ लागत नाही. मी वहीवर मोठ्या अक्षरांत 'यमन?' लिहिलं, पुढे गेले तर खूणगाठ आणखी पक्की झाली, कारण नावानंतरची ओळ तीव्र मध्यम, पंचम, धैवत, पुन्हा तीव्र मध्यम, पंचम, धैवत अशीच फिरते. संध्याकाळी आमच्या गाण्याच्या बाईंना फोन केला आणि आनंदाने सांगितलं, की ब्रॉडवेवर यमन सापडला.

"गाऊन दाखव," बाई म्हणाल्या.

गायले.

"यमनात तू 'सा'वरून अशी थेट तीव्र मध्यमावर उडी मारतेस का?"

"नाही."

"मग यमन कसा? 'सा'वरून तीव्र मध्यम गाठायचाच तर तो मुलतानी रागात. नि सा म ग प. पण तिथेही मध्ये कोमल गंधार लागतो, तो काही तुझ्या या मुलाकडे दिसत नाही." थोडं थांबून म्हणाल्या, "आणि रागाचं नाव मिळालं की काय करणार होतीस? पाटी लावून मोकळी?"

बरोबर पकडलं होतं. मी तेच करणार होते. आमच्या मंडळात निम्मी उलगडणी अशीच होतात. राग सांगितला, ताल सांगितला, झालं. मी त्यांना म्हटलं, युरोपातले लोक सा ते तीव्र मध्यम या अंतराला 'संगीतातला सैतान' म्हणायचे. बाई हसल्या. "आमच्याकडे तो रोज दिवेलागणीला येतो. कुणाला काही करत नाही."

त्या फोननंतर मी रागाचं नाव शोधणं सोडलं आणि एकाच स्वराच्या मागे लागले. या मुलीच्या नावात तीव्र मध्यम नेमकं काय करतो?

मी केलं ते अगदी बाळबोध होतं. पेटीवर एक एक स्वर बदलून पाहिला. आधी तीव्रच्या जागी शुद्ध मध्यम ठेवला: सा, म, प. गाणं तात्काळ निरुपद्रवी झालं. रेल्वेच्या फलाटावर घोषणा होण्याआधी वाजतं तसलं काहीतरी. मग मध्यम काढूनच टाकला, सा आणि दोनदा प. हे तर बिगुल झालं. मग सा, तीव्र मध्यम आणि तिथेच थांबले. पेटीचा भाता हलत राहिला, स्वर वाजत राहिला, आणि शेजारच्या खोलीतून आवाज आला, "अगं, पुढचा वाजव की!" घरातल्या ज्या माणसाला गाण्यातलं काही कळत नाही अशी आमची समजूत आहे, त्याचा तो आवाज होता. माझ्या सगळ्या टिपणांत यापेक्षा मोलाचं वाक्य दुसरं नाही.

सा ते वरचा सा यांच्यात बारा अर्धस्वर. तीव्र मध्यम बरोबर सहाव्यावर, भर मध्यात. तिथे उभं राहिलं की खालचं घर जेवढं लांब, तेवढंच वरचंही लांब. पण पंचम अर्ध्या स्वरावर, हात पुढे केला की लागेल इतका जवळ. आणि मागे काळी दोनचा मेजर कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे तीन स्वर, चालू असला तर त्यात सा आणि ग यांच्या जोडीला पंचम आधीपासून वाजतच असतो. म्हणजे गायक तीव्र मध्यमावर उभा, आणि साथीतला पंचम त्याच्या खांद्याला खांदा घासतोय. आपल्याकडे सा-प लावलेल्या तानपुऱ्यावर तीव्र मध्यम धरून ठेवला की हेच होतं, फक्त आपण त्याला इतके सरावलोय की घासणं ऐकू येत नाही, गोडवा तेवढा ऐकू येतो.

आता शब्द. 'मारिया' या नावात आघात 'री'वर आहे. बर्नस्टाइनने तीव्र मध्यम नेमका तिथे ठेवलाय. नावाचा जो भाग जोर देऊन म्हणायचा तोच अस्थिर, आणि जो भाग सुटून जातो, 'या', तिथे विसावा. आघात विसाव्याच्या स्वरावर पडला असता तर नाव उच्चारून झालं असतं. इथे दर वेळी नाव उच्चारताना टोनी आधी तोल घालवतो, मग सावरतो. म्हणून ते तीसदा म्हटलं तरी शिळं होत नसावं.

गायचा प्रयत्न केला तेव्हा माझी फजिती झाली. 'सा'वरून तीव्र मध्यम एकदम उचलायला गेले की गळा एक तर शुद्ध मध्यमावर उतरायचा नाहीतर सरळ पंचमावर जाऊन बसायचा. पायऱ्यांनी जायची सवय, ऱ्हस्व-दीर्घ सांभाळत, कण लावत. थेट उडीला हाताशी काही नाही. शेवटी उलटं केलं. आधी मनात पंचम धरायचा, आणि त्याच्या किंचित खाली उतरायचं. मग जमलं. म्हणजे 'री' म्हणताना 'या' आधीच मनात असायला हवा. १९८४ साली बर्नस्टाइनने स्वतः हे सगळं नाटक ऑपेरा गायकांना घेऊन ध्वनिमुद्रित केलं, आणि त्या ध्वनिमुद्रणावर एक माहितीपटही झाला. त्यात होसे कारेरास यांच्यासारखा गायक या गाण्याशी झगडताना दिसतो, बर्नस्टाइनही वैतागलेला दिसतो. तो भाग मी दोनदा पाहिला. दुसऱ्यांदा निव्वळ स्वतःच्या समाधानासाठी.

लयीचं कोडं माझ्याने सुटलं नाही, ते आमच्याकडे तबला वाजवणाऱ्या एका काकांनी सोडवलं. मी आधी चार-चार मात्रांचा हिशोब धरत होते, पण 'तीव्र म, प, ध'चे ते फेरे कुठल्याच मात्रेवर नीट पडेनात. सहा मात्रांचा दादरा धरला तर साथ पळून जायची. काकांनी डोळे मिटून दोनदा ऐकलं आणि मांडीवर डाव्या हाताने दोन आणि उजव्या हाताने तीन वाजवायला सुरुवात केली. "आड आहे हो. दोन मात्रांत तीन." खाली साथ आपल्या दोन-चारच्या चालीत लॅटिन नाचाचा हलका हेलकावा धरून चालली आहे आणि वर गायक दोन मात्रांत तीन स्वर पसरतोय. पाय रस्त्यावर आणि मन त्याच्या वर कुठेतरी, असं काहीतरी त्यातून होतं. काका मात्र भावार्थात शिरले नाहीत. त्यांना त्याच नाटकातलं 'अमेरिका' जास्त आवडलं. सहा मात्रा एकदा तीन-तीन, लगेच पुढच्या सहा दोन-दोन-दोन: धा धिं ना, धा ती ना आणि मग धाधिं, नाधा, तीना. ते त्यांनी इतक्या वेळा वाजवलं की माझं 'मारिया' बाजूलाच राहिलं.

इथवर मी फक्त कानाने चालले होते. मग गायन आणि पियानोची छापील प्रत मिळवली. पाश्चात्त्य स्वरलिपी शिकायला तीन आठवडे गेले, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, पाढे पाठ करण्यासारखंच ते काम. पण प्रत हातात आल्यावर मी एक गोष्ट केली जी आधीच करायला हवी होती. गाण्याच्या आधीची पानं उलटली.

गाण्याच्या आधी नाच आहे. दोन्ही टोळ्या एका व्यायामशाळेत, मोठा मांबो हा लॅटिन नाच, ढोल आणि पितळी वाद्यांचा नुसता कल्लोळ. मग टोनीला मारिया दिसते, बाकीचं सगळं मागे सरतं आणि एक नाजूक चा-चा, तोही लॅटिन नाचच, सुरू होतो, तारा बोटांनी छेडल्यासारखा. तो चा-चा पेटीवर वाजवून पाहिला आणि हात थांबला. हीच चाल! सा, तीव्र मध्यम, पंचम. नाव टोनीला अजून माहीत नाही. प्रेक्षकालाही ते नाव या सुरांशी जोडायला कुणी सांगितलेलं नाही. पण त्या नावाची चाल त्यांच्या पायाखाली आधीच वाजते आहे. म्हणजे नंतर रस्त्यावर टोनी जे गातो ते त्याला सुचत नाहीये, आठवतंय. मी इतके दिवस गाण्याची सुरुवात गाण्याच्या सुरुवातीला शोधत होते!

हे नाट्यपदात सहसा होत नाही, निदान मी ऐकलेल्या पदांत नाही. आपलं पद आलं की नाटक थोडं थांबतं, पेटीवाला सूर देतो, आणि आपण सावरून बसतो. पद संपलं की नाटक पुढे. पदाची चाल आधीच्या प्रवेशात लपून बसलेली नसते. त्याची गरजही नसते म्हणा, आपली पदं दुसऱ्याच ताकदीवर उभी असतात.

चा-चा सापडल्यावर मला खोदायचा नादच लागला. 'कूल' नावाचं एक गाणं आहे, टोळीतली पोरं डोकं थंड ठेवायचं म्हणून धुमसत राहतात ते. त्याचीही सुरुवात त्याच तीन स्वरांनी. सा, तीव्र मध्यम, पंचम. तिथे प्रेम-बिम काही नाही, हिंसा दातांखाली धरून ठेवली आहे. मी १९६१चा चित्रपट आधी पाहिला होता, त्यात 'कूल' बरंच उशिरा, खून पडल्यानंतर येतं, त्यामुळे मी टिपणात लिहिलं की 'मारिया'ची चाल शेवटाकडे विटाळत जाते. चूक. रंगमंचावर 'कूल' पहिल्याच अंकात आहे, 'मारिया'नंतर दोनच गाणी सोडून. चित्रपटात जागा बदलल्या. म्हणजे विटाळणं वगैरे काही नाही, प्रेम आणि मारामारी एकाच स्वरसमूहातून एकाच अंकात निघतात. माझ्या टिपणातला सगळ्यात देखणा परिच्छेद त्यामुळे काढावा लागला. अजूनही हळहळते.

आणि त्याच्याही मागे, अगदी पडदा उघडताना, टोळीची हाक आहे. तीन स्वर. पहिल्यापासून दुसरा शुद्ध मध्यमाच्या अंतरावर, दुसऱ्यापासून तिसरा तीव्र मध्यमाच्या. मधल्या स्वराला सा मानलं तर मंद्र (खालच्या सप्तकातला) पंचम, सा, तीव्र मध्यम. आणि बस. पुढे पंचम नाही. पंचमावरूनच निघालेली हाक, वरच्या पंचमाच्या अर्धा स्वर खाली येऊन उभी राहते. मी ते पेटीवर वाजवलं तेव्हा शेजारच्या खोलीकडे बघितलं, पण या वेळी घरात कुणी नव्हतं.

तेव्हा टिपण आपोआप लिहून झालं. हाकेच्या शेवटी पंचम येत नाही. 'मारिया'त येतो. या नाटकात टोनीला एवढंच वेगळं जमलं आहे.

मंडळात सादर केलं त्या दिवशी वीसेक जण होते. पेटी होती, काका आड वाजवायला होते, बाई मागच्या रांगेत येऊन बसल्या होत्या. 'यमन?' लिहिलेलं पान मी मुद्दाम दाखवलं, लोक हसले. शुद्ध मध्यम घालून वाजवलं तेव्हा जास्त हसले. चा-चाला कुणीतरी 'अरेच्चा' म्हणालं. सगळं ठीक चाललं होतं.

मग पहिल्या रांगेतले एक आजोबा, ज्यांनी आयुष्यभर संगीत नाटकांना रात्री रात्री काढल्या आहेत, म्हणाले, "सगळं समजलं बाई. पण हे वाढवायचं कसं? वन्समोर मिळाला तर हा गडी काय करणार? पुन्हा तेच?"

"तेच," मी म्हटलं. "स्वर लिहिलेले आहेत. वाद्यवृंद खाली बसलाय, त्यालाही लिहून दिलंय."

"मग यात गायकाचं काय?"

यावर माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. आपल्या पदात कवी आणि चाल देणारा जागा ठेवतात आणि गायक ती भरतो. इथे जागा ठेवलेल्याच नाहीत, सगळं भरून दिलं आहे. मी म्हटलं, गायकाच्या हातात एवढंच आहे की 'री'वर किती थांबायचं. बर्नस्टाइनने काळ लिहून दिला असला तरी कुणी त्या तीव्र मध्यमावर किंचित रेंगाळतं, कुणी भिऊन पटकन पुढे सरकतं. तीन ध्वनिमुद्रणांतलं तेवढंच एक अक्षर लागोपाठ लावून दाखवलं. आजोबांनी मान डोलावली, पण पटलं नसावं.

शेवटी मी नाटकाचा शेवट वाजवला. टोनी मेलेला आहे, दोन्ही टोळ्यांची पोरं मिळून त्याला उचलतात, आणि वाद्यवृंद अगदी हळू मेजर कॉर्डवर येऊन थांबतो. सा, ग, प. पण तळात, खर्जात, तीव्र मध्यम वाजतो. सगळ्यांना कळावं म्हणून पांढरी एकवरून वाजवलं. उजव्या हाताने पांढरी एक, पांढरी तीन, पांढरी पाच. मग वादनाची पद्धत सोडून भाता काकांच्या हाती दिला आणि डाव्या हाताने खालची काळी तीन दाबली.

कुणी काही बोललं नाही. भाता हलत होता. मग आजोबा पुढे वाकून म्हणाले, "पंचम लावा की आता."

"लावलाय," मी म्हटलं. "हा बघा, वर वाजतोय."

त्यांनी माझ्या उजव्या हाताकडे पाहिलं, मग डाव्या हाताकडे. उठून पेटीपाशी आले, माझं डावं बोट काळी तीनवरून अलगद उचललं आणि शेजारच्या पांढरी पाचवर ठेवलं.

"हं," म्हणाले, आणि जागेवर जाऊन बसले.